तेच सहासष्ट किलो

न्यूमोनियाने आठवड्याहून जास्त दिवस हॉस्पिटलात काढून घरी आलो, तेव्हा कागदावर सगळं ठीकठाक होतं. ताप नाही, ऑक्सिजन ९७, एक्स-रे साफ होत आलेला. फक्त मला नेरूळच्या आमच्या बिल्डिंगचे जिने चढता येत नव्हते. सिडकोची जुनी इमारत, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. पहिल्याच लँडिंगवर मांड्या थरथरायला लागल्या. शेजारच्या मुलाने प्लास्टिकची खुर्ची आणून दिली, आणि मग ती खुर्ची माझ्या मागोमाग मजला-मजला करत वर आली.

दम लागत नव्हता. छातीची काही तक्रार नव्हती, पायच उचलत नव्हते. भेटायला येणारा प्रत्येक जण चहा घेता घेता एकच बोलून गेला, "आता सत्तरी आली, एवढं चालायचंच." माझा उभा जन्म ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल कंपन्यांत इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेला. प्रेशर गेज चुकीचं दाखवतंय म्हटल्यावर 'जुनं झालंय' एवढं सांगून आम्हाला सुटता यायचं नाही. लाइन चोक आहे, झिरो सरकलाय, डायफ्रॅम गेलाय की कुणी व्हॉल्व्हच बंद ठेवलाय, ते शोधून काढावं लागायचं. त्यामुळे 'वय झालं' हे निदान काही पचेना. आमच्या फॅमिली डॉक्टरांनाही ते पटलेलं नसावं. त्यांनी वाशीच्या एका हॉस्पिटलातल्या जेरियाट्रिक ओपीडीची चिठ्ठी दिली. म्हाताऱ्यांसाठी वेगळा डॉक्टर असतो, हेच मला नवीन होतं.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी आधी नळ्या-सुया काही काढल्या नाहीत, पाच प्रश्न विचारले. पाचेक किलोची पिशवी उचलून नेताना त्रास होतो का? खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालताना? खुर्चीतून किंवा पलंगावरून उठताना? दहा पायऱ्या चढताना? आणि गेल्या वर्षभरात पडलात का? प्रत्येक उत्तराला शून्य ते दोन गुण, आणि बेरीज चार किंवा जास्त आली की पुढचा तपास. सार्कोपेनिया, म्हणजे स्नायू आणि त्यांची ताकद उतरण्याचं दुखणं, हुडकायच्या या प्रश्नावलीला 'सार्क-एफ' म्हणतात. शेवटच्या प्रश्नावर मी म्हटलं, "एकदा, एनएमएमटीच्या बसमधून उतरताना." आमची ही शेजारीच बसली होती. "अहो, हे कधी झालं?" डॉक्टरांच्या टेबलासमोर अर्धा मिनिट आमचं घरगुती प्रकरण चाललं. बेरीज पाच आली.

मग मोजमापं सुरू झाली आणि खरं सांगायचं तर माझी कळी खुलली. पकडीची ताकद मोजायचं हायड्रॉलिक डायनामोमीटर माझ्या हातात दिलं. मनगटी घड्याळापेक्षा मोठी डायल, त्यावर किलो आणि पौंड असे दोन्ही आकडे आणि दोन सुया. एक सुई दाबाबरोबर पुढे जाऊन परत येते, दुसरी जिथे कमाल पोचली तिथेच थांबते. कोपर काटकोनात, दंड अंगाला लागून, खांदा सैल, आणि "दाबा, दाबा, अजून दाबा". मी आधी झिरो पाहिला, मग विचारलं, "कॅलिब्रेशन कधी झालंय?" फिजिओ मुलगी हसली आणि तिने खरोखर पट्टीवरची तारीख दाखवली. सर्टिफिकेट चालू वर्षाचं होतं. आता आकड्यावर हरकत घ्यायला जागाच उरली नाही. उजव्या हाताचा सगळ्यात चांगला आकडा २३ किलो आला. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांप्रमाणे पुरुषांची पकड २८ किलोच्या खाली आणि बायकांची १८ च्या खाली असेल तर ताकद कमी धरतात. युरोपवाल्यांचे आकडे २७ आणि १६ आहेत. कुठल्याही खंडात गेलो असतो तरी मी नापासच होतो.

पकडीचा आणि जिन्याचा काय संबंध, असं मीही विचारलं. पकड हा नमुना असतो, सगळ्या अंगाच्या ताकदीचा अंदाज त्यावरून बऱ्यापैकी येतो. मांडीची ताकद मोजायला मोठं यंत्र लागतं, पकड कुठेही टेबलावर मोजता येते. पायांसाठी वेगळ्या परीक्षा झाल्याच. हाताची घडी छातीशी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर गडबड, मला १६ लागले. सहा मीटर नेहमीच्या चालीने चालायचं, सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी वेग म्हणजे मंद. माझा ०.८३ भरला. पामबीच रोडचा सिग्नल माझ्यासाठी अर्ध्या रस्त्यातच लाल का होतो, याचं उत्तर इथे मिळालं. पोटरीचा घेर शिंप्याच्या टेपने मोजला, ३२ सेंटिमीटर. पुरुषांची हद्द ३४ आहे.

एक यंत्र मात्र माझ्या मनात भरलं नाही. वजनकाट्यासारख्या धातूच्या पाट्यांवर अनवाणी उभं राहायचं, दोन मुठी धरायच्या, आणि अंगातून बारीकसा करंट सोडून ते स्नायू किती, चरबी किती ते छापून देतं. स्नायूत पाणी जास्त म्हणून करंट सहज जातो, चरबीत अडतो, एवढंच त्याचं तत्त्व. पण मग ज्याच्या पायाला सूज आहे त्याचं काय? सुजेचं पाणीही ते स्नायूच्या खात्यात टाकणार. मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे, आणि तुमच्या घोट्यावर सूज आहेच, म्हणून तुम्हाला डेक्सा करायला सांगतेय." डेक्सा म्हणजे हाडांच्या ठिसूळपणासाठी करतात तोच स्कॅन, फक्त पूर्ण अंगाचा. दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे एक्स-रे अंगातून जातात आणि हाड, चरबी, बाकीचं मांस वेगळं होऊन कागदावर येतं. हाता-पायांतल्या मांसाचं वजन उंचीच्या वर्गाने भागायचं. माझा आकडा ६.६ आला, पुरुषांची सीमा ७.

स्नायू कमी, ताकद कमी, चालणं-उठणंही कमी. तिन्ही कमी असले की या दुखण्याला, म्हणजे सार्कोपेनियाला, 'सिव्हिअर' हे विशेषण लागतं. तो शब्द ऐकून हिचा चेहरा उतरला. मला मात्र त्याच रिपोर्टमधली दुसरी ओळ जास्त लागली : चरबी ३१ टक्के. माझं वजन ६६ किलो. रिटायर झालो तेव्हाही ६६. या एका आकड्यावर मी सोसायटीत बऱ्याच फुशारक्या मारल्या होत्या. काटा तोच राहिला आणि आत मांसाची जागा चरबीने घेतली. आपल्या लोकांत हे फार असतं म्हणे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. मॅडमनी तो फोटो संगणकावर उघडून दाखवला. तेव्हापासून कुणी 'माझं वजन कॉलेजात होतं तेवढंच आहे' असं म्हटलं की मी गप्प बसतो.

माझा मुख्य प्रश्न होता, हे झालं कशामुळे. मॅडमनी कागदावर एकाखाली एक लिहायला सुरुवात केली, आणि वय त्या कागदावर होतं पण एकटं नव्हतं.

वयाचा वाटा खराच आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचा साधारण ३ ते ८ टक्के भाग जातो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. मणक्यातून स्नायूंकडे जाणाऱ्या मज्जापेशी कमी होत जातात. ज्या तंतूंमुळे माणूस झटकन उठतो किंवा ठेचकाळल्यावर स्वतःला सावरतो, ते जलद तंतू आधी बारीक होतात. ताकद तर मांसापेक्षाही जास्त वेगाने उतरते. यातलं काही माझ्या हातात नाही. पण ही उतरण हळूहळू होणारी आहे, महिन्याभरात जिना बंद पडण्याएवढी नाही.

ते काम हॉस्पिटलच्या पलंगाने केलं. दोन्ही बाजूंना कठडे, एका हाताला सलाइन, आणि उठायला लागलो की "काका, झोपून राहा, पडाल". लघवीचं भांडंसुद्धा पलंगावर. पडू नये ही त्यांची काळजी रास्तच, पण आठवड्याहून जास्त दिवस माझ्या पायांनी माझं वजन पेललंच नाही. २००७ मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. सदुसष्टच्या आसपासच्या धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस उतरलं. ती माणसं आजारी नव्हती, त्यांना खायलाही पुरेसं होतं. माझ्या बाबतीत वर ताप होता, अंगभर दाह होता, आणि दाहात शरीर स्वतःचेच स्नायू मोडून वापरतं. धाप कमी व्हावी म्हणून काही दिवस स्टेरॉइडची इंजेक्शनंही दिली होती. स्टेरॉइड दीर्घकाळ चाललं तर स्नायू खातं. माझं थोडंच होतं म्हणून त्याच्या नावापुढे मॅडमनी प्रश्नचिन्ह काढलं.

त्याखाली मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सी ८.४ होता. जेवणानंतरची साखर ओढून घेणारं अंगातलं सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे स्नायू. ते लहान झालं की साखर चढते आणि साखर चढती राहिली की स्नायू आणखी उतरतात. व्हिटॅमिन डीचा आकडा १२ निघाला, २० च्या खाली कमतरता समजतात. नेरूळला उन्हाचा तोटा नाही, पण मी 'ज्वेल'ला, म्हणजे आमच्याकडच्या तळ्याकाठच्या बागेत, फिरायला जायचो ते पहाटे, अंधारात, आणि दिवसभर घरात. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं घेतल्याने बी-१२ उतरतं म्हणून तेही तपासलं, ते काठावर होतं. थायरॉइड बरं निघालं. किडनीही बरी, आणि ती आधीच तपासून घेतली हे महत्त्वाचं, कारण पुढे प्रथिनं वाढवायची होती.

आणि सगळ्यात खाली, मला हसू आलं अशी एक नोंद : दात. माझी वरची अर्धी कवळी ढिली झाली होती, म्हणून ती बहुतेक वेळ डबीतच असायची. नीट चावता येत नसल्यामुळे भाकरी गेली, शेंगदाणे गेले, मटण-चिकन गेलं, उसळीतला दाणा गेला. राहिलं काय, तर मऊ भात, पातळ वरण, चहात बुडवलेली खारी. घरात कुणालाच ते खटकलं नाही, कारण म्हाताऱ्या माणसाने हलकं खावं असंच सगळे मानतात. दातांच्या डॉक्टरने कवळी घट्ट करून दिली, त्याला अर्धा तास लागला. कागदावरचं सगळ्यात सोपं काम हेच होतं.

आहारतज्ज्ञ बाईंनी माझ्या दिवसभराच्या खाण्याचा हिशेब मांडला तो चाळीस ग्रॅम प्रथिनांच्या आसपास थांबला. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, साध्या निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगते. वयस्कांना १ ते १.२ आणि आजारातून उठलेल्यांना १.२ ते १.५ असा जगभरच्या तज्ज्ञांचा सल्ला आहे. म्हणजे मला रोज ऐंशीच्या आसपास हवीत. "वरण खातो की आम्ही," ही म्हणाली. बाईंनी विचारलं, "वाटीत डाळ किती आणि पाणी किती?" पातळ वरणाच्या वाटीत प्रथिनं चार ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. घट्ट वाटीत सहा-सात. पोह्यांची बशी पाचच्या पुढे जात नाही, आणि आम्ही महाराष्ट्रात त्यालाच भरपेट नाश्ता म्हणतो.

दुसरी गोष्ट जास्त कामाची निघाली. तरुण स्नायू थोड्याशा प्रथिनानेही बांधकामाला लागतो, म्हाताऱ्याला एका वेळी २५-३० ग्रॅम दिल्याशिवाय तो फारसा हलत नाही. म्हणून रात्री एकदम भरपाई करून उपयोग नाही, तिन्ही वेळेला हवं. आता सकाळी दोन अंडी, मुगाचं धिरडं आणि पेलाभर दूध, तिथेच पंचवीस होतात. दुपारी घट्ट वरण किंवा उसळ, सोबत दही. रात्री बांगडा किंवा पिठलं, कधी सुकट. गुरुवारी आणि चतुर्थीला अंडी-मासळी बंद, त्यावरून घरात वाद झाला आणि पनीरवर तह झाला. उपासाला साबुदाणा मात्र पूर्ण बंद. प्रथिनं नाहीच्या बरोबर, आणि साखर वर. पुण्याहून मुलाने प्रोटीन पावडरचा भलामोठा डबा पाठवला. बाई म्हणाल्या, घासातून भागत नसेल त्या दिवशी घ्या, जेवणाऐवजी नको.

व्यायामाबद्दल मला जरा ताठा होता. ज्वेलच्या तळ्याभोवती रोज फेऱ्या मारणारा माणूस मी. फिजिओ मुलीने तो ताठा फार गोडीने उतरवला. "काका, चालणं सोडू नका, हृदयाला आणि साखरेला ते हवंच. पण स्नायू वाढायला त्याला अवघड काहीतरी द्यावं लागतं. चालणं तुमच्या मांडीला अवघड राहिलेलंच नाही." मग तिने खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, सीटवर दोन घड्या घातलेल्या चादरी ठेवल्या, म्हणजे बैठक उंच झाली. हात न लावता उठायचं, सोपं होतं. पण बसताना चार आकडे मोजत सावकाश खाली यायचं. धपकन बसायचं नाही, कारण उतरतानाच मांडीला खरा ताण पडतो. चौथ्या-पाचव्या वेळेला मांडीत जाळ झाला. "श्वास रोखू नका," ती सारखी म्हणत होती, कारण श्वास कोंडला की रक्तदाब उसळतो. काही आठवड्यांनी एक चादर निघाली, मग दुसरी.

बाकी सामान मामुली. घोट्याला बांधायच्या अर्ध्या किलोच्या वाळूच्या पिशव्या. ओढायचे रबरी पट्टे, त्यांना सगळे थेराबँडच म्हणतात. पिवळा हलका, मग लाल, मग हिरवा, पुढे निळा आणि काळा. कठडा धरून टाचा उचलायच्या, जिन्याच्या एकाच पायरीवर चढ-उतार करायची. आठवड्यातून तीनदा, मधे एक दिवस विश्रांती. नियम एकच : दहाव्या वेळेला 'अजून दहा सहज होतील' असं वाटलं तर वजन वाढवायचं. शेवटचे दोन जडच गेले पाहिजेत. मला वाटायचं, या वयात हे झेपायचं नाही. तर तिने बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातली गोष्ट सांगितली, १९९० साली छापून आलेली. नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांडीसाठी चांगलं जड वजन उचलून घेतलं, तर ज्यांनी ते पूर्ण केलं त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीच्या माणसांसमोर मी तर पोरगाच.

पहिला पंधरवडा वाईट गेला हेही सांगितलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या दुखायच्या की इंडियन पद्धतीच्या संडासचा विचारही नको. साखर एकदा खाली गेली, तेव्हापासून खिशात ग्लुकोजच्या गोळ्या आणि औषधांच्या वेळात डॉक्टरांकडून फेरफार. डीची साठ हजार युनिटची गोळी आठवड्याला एक अशी चालू झाली. ही गोळी कमतरता भरून काढते, स्नायू बांधून देत नाही, हे मॅडमनी दोनदा बजावलं. लोक गोळी घेऊन खुर्चीत बसून राहतात म्हणे.

तीनेक महिन्यांनी पुन्हा मोजलं. पकड २६, पाच उठाबशांना १२.८ सेकंद, चालीचा वेग ०.९७. तिन्ही आकडे अजून रेषेच्या अलीकडेच, पण जिना खुर्चीशिवाय चढतोय. डेक्सा ६.६ वरून ६.७. घरात पेढे आणायची तयारी झाली. मी म्हटलं, थांबा. एवढा फरक यंत्राच्या एररमध्येच जातो, याला वाढ म्हणायचं नाही. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, असंच होतं, आधी ताकद येते, मांस मागाहून. सुरुवातीला नसा असलेल्याच तंतूंना कामाला लावायला शिकतात. एचबीए१सी ७.३ वर आलं होतं. पेढे आलेच, पण ते शेजाऱ्यांनी खाल्ले.

आमच्या विरंगुळा केंद्रात हे कळल्यावर सगळ्यांना आपापली पकड मोजून हवी झाली. तिथे डायनामोमीटर कुठून आणणार? म्हणून भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवरून पाच उठाबशा, आणि मोबाइलवर सेकंद. एक धिप्पाड काकू हसत पुढे आल्या, "मी ऐंशी किलोची, माझी कसली ताकद कमी होतेय!" दुसऱ्यांदा उठताना त्यांचा हात आपोआप मांडीवर गेला. पाळी गेल्यानंतर बायकांचे स्नायू उतरतात आणि वर चरबीची चादर असल्याने दिसत काहीच नाही. त्यात त्यांचा गुडघा झिजलेला. दोष गुडघ्याचा किती आणि मांडीचा किती, ते सांगणं माझं काम नाही, मी त्यांना वाशीच्या ओपीडीचा रस्ता दाखवला. त्यांचं गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरलेलंच होतं. तिथे त्यांना सांगितलं, ऑपरेशननंतर नाही, आत्तापासून मांडीचे व्यायाम सुरू करा, म्हणजे नंतर लवकर उभ्या राहाल. परवा त्यांच्या सुनेचा फोन आला, "काका, तुमच्याकडे तो हिरवा पट्टा आहे तसा कुठे मिळेल?" म्हटलं, आधी पिवळा घ्या.